हिरवं तिरामिसू

माझा धंदा दातांचा, पण मी डॉक्टर नव्हे. डॉक्टर लोकांच्या तोंडात हात घालतात, साचा घेतात आणि तो माझ्याकडे पाठवतात. त्यावरून कवळी, कॅप, ब्रिज, जे काही लागेल ते मी घराच्या पुढच्या खोलीत बसून घडवते. त्यामुळे आमच्या भागातली निम्मी माणसं मला चेहऱ्याने ओळखू येत नाहीत, पण त्यांनी तोंड उघडलं तर मी त्यांची सगळी हकीकत सांगीन. कोण झोपेत दात खातो, कोण एकाच बाजूने चावतो, कोणाची कॅप बसवताना डॉक्टरला जेवायला जायची घाई होती, सगळं.

म्हणून सून एका सकाळी खांद्याला पर्स अडकवून लॅबच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली की एक जण आहे, त्याला रविवारी जेवायला बोलवायचं आहे, तेव्हा मी पहिला प्रश्न त्याच्या दातांचा विचारला. ती म्हणाली, नीट पाहिलेच नाहीत, तो तोंड मिटून हसतो. मी म्हटलं, म्हणजे काहीतरी लपवतोय. यावर ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती भांडली नाही, तेव्हा मला प्रकरण किती पुढे गेलंय ते समजलं.

माझा मुलगा जाऊन चार वर्षं झाली. आजार इतक्या झटपट आला आणि त्याला घेऊन गेला की आम्हा दोघींना काय होतंय ते कळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर ही माहेरी जाणार असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, मीसुद्धा. तिचे आईवडील न्यायला आले, तर तिने त्यांना पोटभर जेवू घालून परत पाठवलं. तेव्हापासून घरात आम्ही दोघी. आमचं फार गूळपीठ आहे अशातला भाग नाही. खिडकी उघडी ठेवायची की बंद, इथपासून आमची जुंपते. पण भांडायला घरात हक्काचं माणूस असणं ही लहान गोष्ट नाही.

तो माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. ही तिच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकली होती, दोन मजल्यांच्या अधेमधे, एकटीच. तो वरच्या फटीतून तिच्याशी काहीबाही बोलत राहिला आणि बोलता बोलता त्याने लिफ्ट सुरू केली. मी त्याचं नाव लिफ्टवाला ठेवून मोकळी झाले. लिफ्टमधून सुटली आणि लिफ्टवाल्यात अडकली, असं शेजारणीला सांगितलंही. ती खो खो हसली. मला काही हसू आलं नाही.

त्या सकाळी निघता निघता ती दारातून मागे वळली.

"आई, तुम्हाला तो पटला नाही, तर मी पुढे जाणार नाही."

एवढं बोलून ती गेली आणि माझ्या गळ्यात धोंड अडकवून गेली. ती हट्टाला पेटली असती तर मीही कंबर कसली असती. सगळं माझ्यावरच सोपवल्यावर मी भांडणार कोणाशी? आणि मला नाहीच म्हणायचं होतं. तो कसा आहे याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. माझा मुलगा न्हाणीघरातून टॉवेलसाठी कसा हाका मारायचा, चप्पल उलटी काढून कसा जायचा, फोनवर बोलताना घरभर कसा फिरायचा, हे आठवणारी या जगात दोन माणसं उरली होती. त्यातलं एक दुसऱ्याच्या घरी गेलं, तिथे रमलं, की मी एकटीच. मग मी म्हातारपणी काही विसरले तर विचारायचं कोणाला? मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

आता जेवणाचं. पाहुण्याला अंडं चालत नव्हतं. आवडनिवड नव्हे, अंडं पोटात गेलं की त्याचा गळा सुजतो. एकदा एका लग्नातल्या केकने त्याला सरळ हॉस्पिटलात नेलं होतं. शिवाय तो कॉफी पीत नाही, थर्मासमध्ये ग्रीन टी घेऊन हिंडतो. मी विचारलं, मग या माणसाला वाढू काय, हवा? ती म्हणाली, "तिरामिसू करा. अंडं न घालता, आणि कॉफीऐवजी ग्रीन टीचं."

मी हातातली मेण कोरायची सुरी खाली ठेवली. तिरामिसू हे माझ्या मुलाचं होतं. एका डॉक्टरच्या बायकोकडून मी ते इटालियन गोड शिकले आणि पुढे त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला केलं. अंड्यांचा पिवळा बलक साखरेबरोबर गरम पाण्यावर धरून फेसायचा, त्यात चीज आणि क्रीम, खाली कडक कॉफीत बुडवलेली लांबोडकी बिस्किटं. बिस्किटं बुडवायचं काम कायम त्याचं. ओट्याशी स्टूल ओढून बसायचा, एक बुडवायचा आणि एक कोरडंच तोंडात टाकायचा, आणि मी ओरडायची. लग्न झाल्यावरही ते काम त्याने बायकोला दिलं नाही. तो गेल्यावर ते काचेचं चौकोनी भांडं मी कपाटावर चढवलं ते चढवलंच.

मी म्हटलं, अंडं काढलं, कॉफी काढली, मग उरलं काय? नुसतं नाव? ती म्हणाली, सामान मी आणते, तुम्ही फक्त करा. माझा संताप संताप झाला. नवा माणूस आणायचा तर आण बाई, पण त्याच्यासाठी जुन्याच्या ताटातलं कशाला? हे मात्र मी मनातच ठेवलं.

रविवारी सकाळी मी फ्रीज उघडून तिने आणलेली पिशवी ओट्यावर रिकामी केली. क्रीमचा डबा, मस्कार्पोने नावाचं ते मऊ चीज, बिस्किटं, आणि एका छोट्या डबीत ग्रीन टीची पूड. तिला माचा म्हणतात. रंग इतका हिरवा की मला ती भिंतीला लावायची वाटली. मी वाडग्यात पाणी घेतलं आणि पूड वरून भुरभुरवली. दातांच्या साच्याचं प्लास्टर असंच कालवतात. पाणी आधी, पूड नंतर, म्हणजे गुठळी होत नाही. सगळी हयात यात गेली आहे माझी. पण माचाला माझ्या हयातीचं काही कौतुक नव्हतं. गोळे होऊन तो पाण्यावर तरंगत राहिला आणि मी कितीही ढवळलं तरी फुटायला तयार होईना.

सून मागे कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. म्हणाली, हे उलटं करायचं असतं. पूड चाळून घ्यायची, त्यावर चमचाभर कोमट पाणी घालून पेस्ट करायची, मग हळूहळू बाकीचं. उकळतं पाणी ओतलं तर कडू होतं. मी म्हटलं, मग तूच कर की. तिने केलं आणि ते एकही गुठळी न होता झालं. मी दातओठ खात क्रीम फेसायला घेतलं.

क्रीमचं मात्र मला कोणी शिकवायला नको. भांडं आधी गार करून ठेवलं होतं. कमी फेसलं तर थर ढासळतो, जास्त फेसलं तर लोणी होतं. मध्ये एक वेळ अशी येते की फेसणी उचलली की क्रीमचं टोक उभं राहतं आणि शेंडा किंचित झुकतो. तिथे थांबायचं. चीज साखर घालून मोकळं केलं, त्यात क्रीम मिसळलं. घट्टपणा यायला अंडं लागतंच असं मी इतकी वर्षं समजत होते. लागत नाही. हे बघून मला आनंद व्हायला हवा होता, तर उलट वाईट वाटलं.

तिने खुर्चीवर चढून कपाटावरचं भांडं काढलं, धुतलं, पुसलं, माझ्यापुढे ठेवलं. स्टूल तिथेच होतं. तिने त्याच्याकडे बघितलं आणि ती कपडे वाळत घालायला निघून गेली. मग बिस्किटं मीच बुडवली आणि मीच मांडली. एक थर बिस्किटांचा, एक क्रीमचा, पुन्हा तसंच. शेवटी भांडं ओट्यावर हलकेच आपटून घेतलं, म्हणजे आत हवा राहत नाही, आणि फ्रीजमध्ये ठेवून दिलं. वरची हिरवी पूड वाढतानाच भुरभुरवायची होती. आधी घातली तर ओल धरून काळी पडते, असं तीच मला जाता जाता सांगून गेली होती.

संध्याकाळी तो वेळेवर आला. मोठे हात, नखं घासून घासून स्वच्छ केलेली, तरी कडेला ग्रीसची काळी रेघ राहिलेलीच. बूट काढले, सरळ लावून ठेवले आणि आमचं दार का करकरतं ते वाकून बघितलं. मला काय म्हणायचं ते त्याला ठरवता येत नव्हतं, म्हणून तो मला काहीच म्हणत नव्हता. जेवताना मी त्याच्यात खोट शोधत होते. डाव्या बाजूने चावत होता, म्हणजे उजवीकडे काहीतरी दुखणं आहे. हसला की ओठ मिटलेलेच. बोलायला लावलं तर लिफ्टबद्दल बोलायचा. माणसं नेहमी बटणाला दोष देतात आणि बिघाड भलतीकडेच असतो, असं त्याने सांगितलं. बटण दहादा दाबल्याने लिफ्ट लवकर येते का, असं मी खवचटपणे विचारलं. त्यावर तो गंभीरपणे म्हणाला, नाही, पण दाबणाऱ्याला बरं वाटतं. मला हे उत्तर आवडलं, आणि आवडलं याचा राग आला.

जेवण झाल्यावर त्याने लॅब बघू का म्हणून विचारलं. बहुतेक लोक तिथे येऊन फळीवरच्या साच्यांची टिंगल करतात. हा हात पाठीमागे बांधून एकेक साचा बघत गेला. शेवटच्या फळीशी थांबला.

"यावर धूळ नाही," तो म्हणाला. "त्यांचा आहे का?"

मी हो म्हटलं. मुलगा कॉलेजात असताना मी घेतलेला साचा होता तो. त्याने जरा वेळ बघितलं आणि समोरचा एक दात थोडा पुढे आहे असं म्हणाला. मी म्हटलं, हट्टी होता, तार लावू दिली नाही, आई दातांचं काम करते आणि पोराचे दात वाकडे म्हणून लोक मला हसायचे. हे सांगताना माझा आवाज बदलला. गेल्या चार वर्षांत कोणी माझ्या मुलाबद्दल साधं, रोजच्यासारखं काही बोललं नव्हतं. सगळे त्याचं नाव निघालं की पायरी चुकल्यासारखे थबकायचे.

मग आम्ही पुन्हा टेबलाशी बसलो. मी भांडं आणलं, वर हिरवी पूड चाळली आणि तुकडे कापले. छान बसले होते थर, कापताना एकही ढासळला नाही. पहिला तुकडा पाहुण्याला दिला. स्वतःच्या कामाची फुशारकी मारल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून म्हटलं की यात अंड्याचा थेंब नाही, घट्टपणा नुसत्या क्रीमचा आहे. त्याने मान डोलावली आणि चमचा घातला. बिस्किटाचा थर जरा दबला आणि स्पंजासारखा परत वर आला.

त्याक्षणी मला ते आठवलं. मुलगा लहान असताना स्टुलावर बसून, कोरडं बिस्किट हातावर तोलत, त्याने विचारलं होतं की आई, हे इतकं हलकं कसं गं? आणि मी सांगितलं होतं, अंडी फेसून घालतात म्हणून.

खोटं कशाला सांगू, माझी जीभ लगेच हलली नाही. चमचा ताटलीतून वर यायला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्यात मला पुढचं सगळं दिसलं. हा आजारी पडेल, बरा होईल, आणि या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. ही इथेच राहील. आणि मला कोणी बोल लावणार नाही, म्हातारी विसरली असं म्हणतील. हे मला दिसलं आणि माझीच मला किळस आली. मी हात टाकला तो थेट त्याच्या मनगटावर.

"खाऊ नकोस ते! बिस्किटांत अंडं आहे."

चमचा टेबलक्लॉथवर पडला. सून ताडकन उठली, ओठांना लागलं का, जिभेला लागलं का, असं विचारत तिने त्याची ताटली बाजूला केली, टेबल पुसलं, गळा सुजलाच तर टोचायचं इंजेक्शन त्याच्या खिशात आहे ना ते बघितलं. तो सारखा म्हणत होता की काही झालं नाही, तोंडापर्यंत गेलंच नव्हतं. मग ती उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला ती नजर सहन होईना.

"मी मुद्दाम नाही केलं," मी म्हटलं. कोणी तसं म्हणालं नव्हतं. "सकाळी खरंच लक्षात आलं नाही. आता आलं, आणि तरी बोलायला मला वेळ लागला. तेही सांगून टाकते."

ती खाली बसली.

"आई, बिस्किटं मी आणली," ती म्हणाली. "क्रीम तपासून घेतलं, चीज तपासलं, माचाची डबीसुद्धा वाचली. बिस्किटांच्या फळीशी गेले आणि हात आपोआप त्याच पाकिटावर गेला. बघितलंच नाही. ती आपलीच होती ना. त्याची."

आणि ती रडायला लागली. केकने हा हॉस्पिटलात गेलेला मला माहीत होतं, म्हणाली, आणि मीच त्याला मारलं असतं. मी उठून तिला जवळ घेतलं. असं मी पूर्वी केलं नव्हतं. आमच्यात ती पद्धतच नाही. तिचं डोकं माझ्या पोटाशी होतं आणि मला एकच गोष्ट कळत होती. जिच्या आवडत्या माणसाच्या जिवाचा प्रश्न होता, तिचा हातसुद्धा दुकानात माझ्या मुलाच्या बिस्किटांवरच गेला होता. मी उगाच भीत होते. ही कुठेही गेली, कोणाच्याही घरी गेली, तरी तो तिच्याबरोबर जाणार होता. आठवायला मी एकटी उरणार नव्हते.

तिला मी विचारलं, मग हेच का करायला सांगितलंस? ती डोळे पुसत म्हणाली, "ते भांडं कपाटावर बघवत नव्हतं मला. कोणीतरी यायचंय म्हटल्याशिवाय तुम्ही ते खाली काढू दिलं नसतंत."

आता त्याने सावकाश विचारलं की हे सगळं टाकून देणार का. आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं. म्हणाला, तुम्ही खा, मी लांब बसतो. खुर्ची उचलून खिडकीशी नेली, थर्मास उघडला आणि ग्रीन टी ओतून घेतला. त्याच्या बसण्यात रुसवा नव्हता की उपकार केल्याचा आव नव्हता. आम्हाला खायचं होतं, त्याला खाता येत नव्हतं, म्हणून तो तिकडे बसला होता, एवढंच.

आम्ही खाल्लं. ते माझ्या मुलाचं तिरामिसू नव्हतं. कॉफीचा तो दणका नव्हता, बलकाचा जडपणा नव्हता. आधी थोडं कडसर लागलं, मग क्रीम, मग मागून पुन्हा तो हिरवा वास. दुसऱ्या घासाला मी तुलना करायची सोडली. तिसरा घास मी भुकेने घेतला.

"कसं झालंय?" त्याने खिडकीशी बसूनच विचारलं.

"गायीला फार आवडलं असतं," मी म्हटलं.

तो हसला. संध्याकाळभरात पहिल्यांदा तोंड उघडून, मोठ्याने हसला आणि मला त्याचा उजवीकडचा वरचा दात दिसला. कोणीतरी घाईत बसवलेली कॅप, शेजारच्या दातांहून दोन शेड पांढरी, कड हिरडीत रुतलेली. हे लपवत होता होय. माझ्या लक्षात आलंय हे बघून त्याचा हात तोंडाकडे गेला.

"हात काढ," मी म्हटलं. "कोणी केलाय हा उद्योग?"

लिफ्टच्या दाराने दात तुटला होता, त्याने सांगितलं, आणि कामावर लगेच जायचं होतं म्हणून जे मिळालं ते बसवून घेतलं. तेव्हापासून त्या बाजूने नीट चावता येत नाही. मी म्हटलं, कसं येईल? ही काढून टाकावी लागेल. तुझ्या डॉक्टरला साचा पाठवायला सांग, आणि तू स्वतः एकदा दिवसाउजेडी ये, शेड उजेडात बघावी लागते. तो म्हणाला, बरं, काकू. नवी बसली की खुपेल का म्हणून विचारलं. थोडे दिवस खुपणारच, मी म्हटलं. जीभ सारखी तिकडे जाते, मग सवय होते.

सून चमचा हातात धरून थांबली होती. मी तिला काय उत्तर दिलं ते तिला समजलं होतं, पण पुरतं नाही, कारण मलाच ते अजून पुरतं म्हणता आलं नव्हतं. मी स्वयंपाकघराकडे बघितलं. स्टूल ओट्याला लागून होतं.

"पुढच्या रविवारी हे परत करू," मी त्याला म्हटलं. "बिनअंड्याची बिस्किटं तू शोधून आण, आमच्या दोघींवर विसंबू नकोस. आणि लवकर ये. बुडवायचं काम तुझं आहे."

ते काम कोणाचं होतं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो नुसता हो म्हणाला आणि किती वाजता येऊ ते विचारायला लागला. तिला माहीत होतं. तिने भांड्यातला आणखी एक तुकडा माझ्या ताटलीत वाढला, आणि मला नको होता तरी मी तो खाल्ला.